विरोधी पक्षाची मोसंबी

आमच्या गावच्या विरोधी पक्षाचं तोंड मी पाच वर्षांत सभेत कधी नीट पाहिलं नाही. पाहिली ती पाठ. पांढरा नेहरू शर्ट, खांद्यावर टॉवेल आणि टोपीच्या खाली पिकल्या केसांची बारीक कड. त्या पाठीशी मी गटारीवरून भांडले, रस्त्यावरच्या दिव्यांवरून भांडले, अंगणवाडीच्या पत्र्यावरून भांडले. माझा स्वभाव मुळातच तापट. माहेरी म्हणायचे, हिला कुठंही द्या, फक्त चुलीपासून लांब ठेवा, घर पेटंल. तरी दिली ती धारूरच्या घाटाखालच्या या खडकाळ गावात, आणि गावानं पुढं मला सरपंच केलं. आता भोगा म्हणावं.

झालं असं, की आमचं सरपंचपद त्या खेपेला बायांसाठी राखीव सुटलं. गावात दोन पॅनेल. एका पॅनेलनं मला उभं केलं, दुसऱ्यानं माझ्या एका चुलत जावेला. मी निवडून आले. दुसऱ्या पॅनेलचे पुढारी म्हणजे त्या जावेचे सासरे, माझे चुलत सासरे. सासऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते. सून पडली, पण मामा स्वतः सदस्य म्हणून निवडून आले. म्हणजे खुर्चीत मी, आणि समोर विरोधात सासरा. असला संसार कुणाच्या नशिबी येऊ नये.

पहिल्या सभेचं काय सांगू. मी पदर डोक्यावर घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक नवा होता, परभणीकडचा, सालस पोरगा. त्यानं खुर्ची पुढं केली. मी बघते तर समोर मामा बसलेले. आता आमच्यात सासऱ्यासमोर सून खुर्चीत बसत नाही. सासरा समोर असला की ती जमिनीवर बसते नाहीतर उभी राहते. खाली बसावं तर मी सरपंच, गावाचा मान जातो. खुर्चीत बसावं तर मी सून, घराचा मान जातो. मी आपली खुर्चीची पाठ धरून उभी. सरपंच उभ्या आहेत म्हणून ग्रामसेवक उभा राहिला. ग्रामसेवक उभा राहिला म्हणून उपसरपंच उठला, आणि मग मामा सोडून सगळेच सदस्य उठले. श्रद्धांजलीची सभा वाटावी असं सगळं. कुणाला काही सुचेना.

तेव्हा मामा उठले. आपली खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली, खिडकीकडं तोंड करून ठेवली आणि आमच्याकडं पाठ करून बसले.

"चालू द्या," म्हणाले. "हितून ऐकू येतंय मला."

मग मी बसले. तेव्हापासून ती रीतच पडली. मामांची खुर्ची सभेच्या आधीच शिपाई खिडकीकडं वळवून ठेवायचा. बाहेरगावचे अधिकारी आले की त्यांना वाटायचं म्हाताऱ्यानं सभेवर बहिष्कार टाकलाय. एक विस्तार अधिकारी तर त्यांची समजूत घालायला निघाले होते. ग्रामसेवकानं त्यांचा हात धरून बसवलं.

पण पाठ केली म्हणजे काय गप्प बसणार होते थोडेच. प्रत्येक ठरावाला विरोध. मी म्हणायचं, वेशीतला दिवा आधी लावू. की खिडकीतून आवाज, "ग्रामसेवक, सरपंचबाईला विचारा, शाळेकडचा दिवा कावून न्हाई?" मग मी म्हणायचं, ग्रामसेवक, त्यांना सांगा, शाळा दिवसा भरती. की परत खिडकीकडून, "ग्रामसेवक, सांगा त्यांला, पोरं संध्याकाळी तितंच अभ्यासाला बसतात, घरात लाईट न्हाई त्यांच्या." बिचाऱ्या ग्रामसेवकाची मान दुखून यायची. खरं सांगायचं तर शाळेकडचा दिवा मामांचाच बरोबर होता. आम्ही तोच लावला. पण ते मी सभेत कबूल केलं असेल तर शपथ. वेशीतला दिवा पुढच्या हप्त्यात लावला आणि त्यालाही त्यांनी विरोध नोंदवला, सवयीनं.

एकदा त्यांच्याच पॅनेलचा एक सदस्य माझ्याविषयी काहीतरी घाण बोलला. बाईमाणसाला जे बोलायला फार अक्कल लागत नाही, तसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा मागं न वळता म्हणाले, "ऊठ बे. भाईर जा." तो हसत बसला. मामा परत तेच म्हणाले, तेवढ्याच आवाजात. तो गेला. मग मामा म्हणाले, हां, तर गटारीच्या ठरावाला आमचा विरोध हाय, लिहून घ्या. आणि त्या दिवशी त्यांच्या बाजूचं एक मत कमी पडून माझा ठराव मंजूर झाला.

सभेत असं, आणि घरी वेगळंच. दुपारी आम्ही कडाकडा भांडायचं आणि संध्याकाळी त्यांच्याकडं देवाचं काही असलं की मी तिथं पदर खोचून पोळ्या लाटायला. आत्याबाई, म्हणजे मामांची बायको, मला हळूच विचारायच्या, आज लई बोलले का गं? मी म्हणायची, लई. त्या म्हणायच्या, मग दोन पोळ्या जास्त खा. आमचे मालक मला चिडवायचे, की तुझं राजकारण कळतच नाही, शत्रूच्या घरी तूप वाढून घेतीस. मी म्हणायची, तूप चांगलं असतं त्यांचं.

आता जे सांगायचंय ते माझ्या सरपंचकीच्या शेवटच्या उन्हाळ्याचं.

त्या साली पावसानं हात आखडता घेतला होता. माजलगावच्या धरणाखालचा ऊस आमच्या टेकडीवरून हिरवागार दिसतो, पण ते पाणी खाली, आणि आम्ही वर, खडकावर. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं तोवर सार्वजनिक विहीर कशीबशी पुरते. कारखाने बंद झाले, तोडीवाले बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन परतले, गाव भरलं, आणि विहिरीचा तळ दिसायला लागला. सहा महिने परक्या फडात राबून माणसं घरी आली, आणि घरी प्यायला पाणी नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटायची. टँकर मंजूर झाला, पण घाटाखालच्या रस्त्यानं तो आज येई, उद्या नाही. आला की त्याच्यावर जी झुंबड, ती बघवायची नाही.

गावातले बोअर एकामागून एक गेले. एकच चालू राहिला. मामांच्या मोसंबीच्या बागेतला.

ती बाग म्हणजे मामांचं काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला मुलगा पुण्याला कंपनीत गेला, धाकट्याचं शेतीत मन नाही. मामांनी उतारवयात तो ओढ्याकाठचा माळ फोडला, दगड वेचले, गाळ आणून टाकला आणि मोसंबी लावली. लोक हसले. या वयात झाडं लावतोय, फळं कोण खाणार? मामांनी ऐकून घेतलं आणि लावली. एकेका झाडाला आंजारून गोंजारून वाढवलं. मुलगा सणाला आला की आधी त्याला बागेत न्यायचे, मग घरात. त्या साली झाडं पहिल्यांदा भरभरून धरली होती. लिंबाएवढी हिरवी फळं. पाणी तुटलं असतं तर फळं तर गेलीच असती, झाडंही गेली असती. आणि परत लावायचं वय मामांचं राहिलं नव्हतं. एवढं सरळ होतं ते.

आमच्या पॅनेलला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आमचा उपसरपंच, ट्रॅक्टरवाला, तोंडानं फटकळ, तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, वहिनी, आता सापडलाय म्हातारा. टंचाई आहे, सरकार कुणाचाही बोअर गावासाठी ताब्यात घेऊ शकतं, त्याला अधिग्रहण म्हणतात. आपण ठराव करायचा, तहसीलला पाठवायचा, आदेश आला की बोअर गावाचा. विचारायची गरज नाही. पाच वर्षं विरोध विरोध करतोय ना, आता कर म्हणावं विरोध.

तो बोलत होता त्यात खोटं काही नव्हतं. कायदा तसाच आहे आणि तो असायलाच पाहिजे. पाणी मला हवंच होतं. माणसं तहानलेली असताना मी मोसंबीकडं बघत बसणार नव्हते, मग ती मामांची असो की माझ्या बापाची. पण ते 'सापडलाय' माझ्या डोक्यात गेलं. मी म्हटलं, तुम्ही चहा प्या आणि गप घरी जा. ठरावाचं मी बघते.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या घरी गेले. तिथं खिडकी नाही, तिथं मी सून. मामा ओसरीवर बाजेवर, मी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाली बसलेली, आणि मध्ये आत्याबाई. सभेत ग्रामसेवक मध्ये असतो, घरात आत्याबाई. मी म्हटलं, आत्याबाई, त्यांना म्हणावं, गावाला पाणी पाहिजे. आत्याबाई म्हणाल्या, ऐकलं त्यांनी, बहिरे न्हाईत. मामा बाजेवर उठून बसले. मग विचारलं, "ठराव झाला का?"

"न्हाई," मी म्हटलं. "आधी तुमाला विचारायचं होतं."

"ठराव केला असतास तर मला विरोध तरी करता आला असता," ते म्हणाले. "इचारायला आलीस, आता काय करू?"

हसावं की रडावं कळेना. आत्याबाईच हसल्या. मग बसून सगळं ठरलं. तहसीलला जायचं नाही, आदेश नको, पोलीस पाटील नको. शेतीची लाईट जेवढी येईल त्यातली पहिली निम्मी गावाची, उरलेली निम्मी झाडांची. बोअरपासून रस्त्याच्या कडेला पाइप टाकायचा, तिथं एक मोठी काळी टाकी ठेवायची, बायांनी तिथून पाणी न्यायचं. रांगेत आधी तोडीवरून आलेल्यांच्या गल्लीनं भरायचं, हे मामांनी घातलेलं कलम, आणि ते मी निमूटपणे मान्य केलं. ग्रामसभेत हे मांडलं तेव्हा दोन्ही पॅनेलची तोंडं वाकडी झाली. माझे लोक म्हणाले, वहिनी विकल्या गेल्या. त्यांचे लोक म्हणाले, मामा विकले गेले. तेव्हा मला खात्री पटली की ठरलंय ते बरोबर ठरलंय.

टाकी बसली आणि गावाचा जीव भांड्यात पडला. सकाळ झाली की बाया हंडे, कळश्या, प्लास्टिकच्या घागरी घेऊन निघायच्या. रस्त्याला लागूनच बाग. टाकीशी रांगेत उभं राहिलं की समोर मोसंबीची हिरवी झाडं, फळं धरलेली. बाया बोलत, हसत, भांडत पाणी भरायच्या. कुणी म्हणायचं, मामांचा बोअर म्हणजे गंगा आहे बाई, गावाला पुरून झाडालाही पुरतोय. मीही तसंच समजत होते. मला वाटायचं, चला, कुणाचंच काही बिघडलं नाही. निम्म्या-निम्म्यात दोघांचं भागलं. मी आपली मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायची.

ऊन वाढत गेलं. बाकीच्या शेतात हिरवं पान दिसेना, आणि मामांची झाडं मात्र ताजी. झालं, आमच्या उपसरपंचाच्या पोटात दुखायला लागलं. मासिक सभेत त्यानं विषय काढला. म्हणाला, ही झाडं एवढी हिरवी कशी? निम्म्या लाईटीत एवढी बाग जगत नाही, मी शेतकरी आहे, मला शिकवू नका. म्हातारा गावाच्या वाट्याची लाईट चोरतोय. रात्री मोटार कोण बघायला जातं? चोरीच म्हणायची ही.

मी त्याला जागच्या जागी झापलं. शब्द मागं घ्यायला लावला, त्यानं अर्धामुर्धा घेतला. पण मला खटकलं ते दुसरंच. मामा गप्प होते. दिव्याच्या खांबावरून अर्धा तास बोलणारा माणूस, त्याला तोंडावर चोर म्हटलं आणि तो खिडकीतून बाहेर बघत बसला. विरोधसुद्धा नोंदवला नाही. सभा संपली तसे टॉवेल झटकून निघून गेले.

मला घरी चैन पडेना. मालकांना म्हटलं, मी बागेत जाऊन येते, एकदा सगळं डोळ्यांनी बघते आणि त्या ट्रॅक्टरवाल्याचं तोंड कायमचं बंद करते. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. टाकीशी चप्पल काढली, तिथल्या ओल्या मातीत पाय जरा गार केले आणि कुंपणाच्या तारेखालून वाकून आत शिरले.

रस्त्याकडची झाडं तशीच होती, हिरवी. खोडाभोवतीची मातीची आळी ओली. मी आत गेले. पुढच्या ओळीची पानं पिवळी. त्याच्या पुढच्या ओळीची पानं गुंडाळलेली, हात लावला की चुरा होणारी. आणि त्याच्या पलीकडं, पार ओढ्यापर्यंत, सगळी बाग वाळलेली. फांद्या करड्या पडलेल्या, खाली काळी पडून गळालेली फळं, पायाखाली कडाकडा वाजणारी. रस्त्यावरून यातलं काहीच दिसत नाही. पुढच्या हिरव्या झाडांनी सगळं झाकलेलं. मी तिथंच उभी राहिले.

मामा आतल्या ओळीत होते. कात्रीनं वाळल्या फांद्या कापत होते. मला बघून त्यांनी टोपी सारखी केली.

"मामा, हे काय?"

"झाडं हायेत," म्हणाले.

मग हळूहळू त्यांच्याकडून काढून घेतलं. बोअरचं पाणी खाली गेलं होतं. गावाच्या निम्म्या लाईटीत टाकी भरेना. मामांनी कुणाला न सांगता आपल्या वाट्याच्या लाईटीचं पाणीही टाकीत सोडायला सुरुवात केली होती. झाडांना काहीच नाही. घरात अंघोळीचं, भांड्याचं जे पाणी निघेल ते आत्याबाई बादलीत धरून ठेवायच्या, आणि मामा ते आणून रस्त्याकडच्या तेवढ्या झाडांना घालायचे.

माझं एक आहे, मला रडू आलं की मी आधी भडकते. मी त्यांच्यावर ओरडले. सून म्हणून नाही, सरपंच म्हणून नाही, कशी ओरडले मलाच ठाऊक नाही. म्हटलं, मला सांगायचं होतं की. मी कशाला आहे? आपलं निम्मं-निम्मं ठरलं होतं, शब्द होता तो.

"सांगितलं असतं तर तू झाडांसाठी टाकीचा कॉक फिरवला असतास."

फिरवला असता. नक्की फिरवला असता. मग मी विचारलं, सगळीच बाग सोडायची होती, तर ही रस्त्याकडची झाडं कशाला जगवत बसलात? लोक तुम्हाला चोर म्हणतायत त्या झाडांपायी.

मामा कात्री पुसत होते. म्हणाले, "तोडीवरून आलेल्या बाया पानी न्यायला येतात. समोर वाळलेलं झाड दिसलं, की त्यांला वाटनार, आपन ह्याच्या झाडाच्या तोंडचं काढून नेतोय. पानी त्या नेतीलच, पन मान खाली घालून नेतील. सहा म्हैने लोकाच्या फडात मान खाली घालून आल्यात. माझ्या दारात तरी कुनी तसं यायचं न्हाई."

मी मटकन खाली बसले आणि रडले. लाज कसली त्यात. मामा थोडे बाजूला जाऊन उभे राहिले, माझं होईपर्यंत. मग एवढंच म्हणाले, की हे सभेत काढू नकोस. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, मी शब्द देणार नाही. देऊन मोडायचा त्यापेक्षा आत्ताच सांगते. ते माझ्यावर चिडले. चिडू देत म्हटलं, आणि घरी आले.

सभेत मी खरंच काढलं नाही. सभेची वाट बघण्याइतका धीरच नव्हता मला. त्याच संध्याकाळी तोडीवाल्यांच्या गल्लीपासून सुरुवात केली आणि घराघरात जाऊन बायांना जे पाहिलं ते सांगितलं. फार रंगवून सांगायची गरज पडली नाही. एकीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी म्हटलं, उगाच डोळ्यांत पाणी आणून भागायचं नाही, भांड्यात आणा. उद्यापासून कुणी रिकामा हंडा घेऊन टाकीवर यायचं नाही. भांड्याचं, धुण्याचं, अंघोळीचं, जे काही निघतंय ते भरून आणायचं, आतल्या झाडांना ओतायचं, हंडा विसळायचा आणि मग प्यायचं भरून न्यायचं. एक म्हातारी म्हणाली, साबणाचं पाणी चालंल का गं झाडाला? मी म्हटलं, मला काय विचारतेस, झाड बिनपाण्याचं तसंही मरायलंय, घाल तू.

उपसरपंचाच्या घरीही गेले. तो जेवत होता. सगळं ऐकलं, ताट पुढं सारलं आणि हात धुवायला उठला. मी तशीच निघाले. काही वेळा माणसाला एकटं सोडलेलं बरं असतं.

सकाळी मी टाकीशी उभी होते. बाया आल्या. रोज डोक्यावर रिकामे हंडे डुलवत यायच्या, त्या दिवशी भरलेले घेऊन, मान ताठ धरून, सावकाश पाऊल टाकत आल्या. कुणी टाकीकडं वळलं नाही. एकामागून एक तारेखालून वाकून बागेत शिरल्या. हिरवी झाडं ओलांडून आत गेल्या, आणि आत गेल्यावर सगळ्यांचं बोलणं थांबलं. तोडीवरून आलेल्या एका तरण्या पोरीनं सगळ्यात वाळलेल्या झाडाशी जाऊन हंडा पालथा केला. तिला म्हटलं, अगं, ते गेलंय, जरा जीव असलेल्याला घाल. ती म्हणाली, असू द्या. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. उपसरपंचानं गावातल्या गोठ्यांचं, न्हाण्यांचं सांडपाणी टिपाडांत भरून आणलं होतं. खाली उतरला, कुणाच्या तोंडाकडं न बघता बादल्या भरून द्यायला लागला.

गलबला ऐकून मामा घरून लगबगीनं आले. डोक्याला टोपी नाही, पायात चप्पल नाही. गाव आपल्या बागेत शिरलेलं बघितलं आणि आधी त्यांना काही उमजेना. मग उमजलं तसे तापले. अरे, हे काय लावलंय, म्हणाले, ही गेलेली झाडं हायेत, ह्यांच्यात पानी कावून घालायलाव, कष्ट कावून वाया घालवायलाव. कुणी ऐकेना. बाया त्यांना वळसा घालून पुढं जायच्या. मामा एकीच्या पुढं जाऊन उभे राहिले, मग दुसरीच्या. मग सगळ्या गावादेखत माझ्याकडं वळले.

"सरपंचबाई," म्हणाले. आवाज त्यांचा बसलेला. "थांबवा ह्यांला. माझा तोंडी अर्ज समजा."

माझा पदर डोक्यावरून कधीचा खाली आला होता, तो मी सारखा केला नाही.

"नामंजूर," मी म्हटलं.

मामा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या बाजूनंच एक बाई वाकली आणि तिनं हंडा ओतला. आळं कधीचं मोडलेलं, पाणी खोडाशी न थांबता उताराला पळायला लागलं. मामा चटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती ओढून पाण्याला बांध घालायला लागले.